चिखलात उतरवणारी शिष्यवृत्ती

मनिला सोडून दक्षिणेकडे निघाले की तासभर डोळ्यांपुढे कारखाने, गोदामे आणि जाहिरातींचे फलक यांशिवाय काही दिसत नाही. मग कलांबा येते. फिलिपाइन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांचा जन्म १८६१ साली या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते, पण जमीन त्यांची नव्हती. ती ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका पंथाची, खंडाने कसायला घेतलेली. खंड वाढत गेला, कुळांनी तक्रार केली, आणि १८९० च्या सुमारास त्यांना घरादारासकट बाहेर काढण्यात आले. रिझाल यांना १८९६ मध्ये स्पॅनिश सरकारने गोळ्या घातल्या. खंड, कूळ, बेदखली हे शब्द ज्यांच्या आजोबांनी अंगावर सोसले, त्या वाचकांना या गावाची ओळख वेगळी करून द्यायला नको.

कलांबा मागे टाकले की डाव्या हाताला सरोवर दिसू लागते. त्याचे नाव लागूना दे बाय. सुमारे नऊशे चौरस किलोमीटरचे, देशातले सर्वांत मोठे. उजव्या हाताला माकिलिंगचा डोंगर, हजार मीटरहून थोडा उंच, माथ्यावर बहुतेक वेळ ढग. डोंगर जुना ज्वालामुखी आहे, म्हणून पायथ्याशी गरम पाण्याचे झरे. त्या झऱ्यांवरूनच स्पॅनिश लोकांनी गावाला नाव दिले लॉस बान्योस, म्हणजे न्हाणीघरे. स्थानिक लोक नुसते 'एल्बी' म्हणतात. रस्त्याच्या दुतर्फा कोवळ्या नारळाच्या मलईची गोड पोळीसारखी कचोरी विकणारी दुकाने आहेत, तिला 'बुको पाय' म्हणतात. मनिलाचे लोक रविवारी आंघोळीला आणि ती कचोरी खायला येतात. आम्ही मात्र धान पाहायला गेलो होतो.

मी भंडारा जिल्ह्यातला, निवृत्त कृषी सहायक. भाचा मनिलात एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. त्याच्याकडे २०२५ च्या फेब्रुवारीत पंधरा दिवस राहण्याचा योग आला. त्याने समुद्रकिनारे दाखवतो म्हटले. मी म्हटले, बाबा, मला लॉस बान्योस दाखव. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रशिक्षणात हे नाव ऐकले होते, आणि त्याच्याही आधी घरात. माझे वडील एका बीजगुणन केंद्रावर रोजंदारीने होते. त्यांना वाणाचे नाव वाचता येत नसे, पण लोंबी हातात घेतली की वाण सांगत. 'आयार आठ' हा शब्द मी लहानपणी त्यांच्याच तोंडून ऐकला. तो आयआर ८ जन्मला ते गाव हे.

आधी गावाची शेतकी शाळा पाहू. १९०९ साली, अमेरिकनांच्या राज्यात, फिलिपाइन्स विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय येथे निघाले. इमारती नव्हत्या, पहिले वर्ग तंबूंत भरले. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने याच आवारात परदेशी नागरिकांची छावणी केली. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकन सैनिक आणि फिलिपिनो गनिमांनी छापा घालून दोन हजारांहून अधिक बंदिवान सोडवले. त्याचा सूड जपान्यांनी मागे राहिलेल्या गावकऱ्यांवर घेतला, दीड हजारांच्या आसपास माणसे मारली. सुटकेची गोष्ट पुस्तकांत आणि चित्रपटांत ऐटीत सांगतात, गावकऱ्यांची थोडक्यात उरकतात.

युद्धानंतर महाविद्यालय जवळजवळ शून्यातून उभे करावे लागले. १९५२ पासून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक येथे येऊन शिकवू लागले आणि येथले तरुण तिकडे जाऊन पदव्या घेऊन परत येऊ लागले. हे वीस वर्षे चालले, मधल्या दोन-तीन वर्षांचा खंड सोडून. परत आलेली मंडळी शिकवायला लागली तेव्हा बाहेरच्या प्राध्यापकांची गरज संपली. मग उलटी गंगा सुरू झाली. आजूबाजूच्या देशांतले विद्यार्थी अमेरिकेऐवजी लॉस बान्योसला येऊ लागले.

त्यांना आणायला दोन संस्था कारणीभूत झाल्या. पहिली, आंतरराष्ट्रीय धान संशोधन संस्था, सर्वत्र 'इरी' म्हणतात ती. फोर्ड आणि रॉकफेलर या दोन अमेरिकन प्रतिष्ठानांनी फिलिपाइन्स सरकारच्या साहाय्याने ती १९६० मध्ये स्थापन केली. दुसरी 'सिअर्का', आग्नेय आशियातील कृषी पदव्युत्तर शिक्षण व संशोधनाचे प्रादेशिक केंद्र. ती नोव्हेंबर १९६६ मध्ये निघाली. आग्नेय आशियाच्या शिक्षणमंत्र्यांची एक संघटना आहे, तिचे हे केंद्र. आज त्या संघटनेत अकरा देश आहेत. ब्रह्मदेश, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम ही आपल्या कानाला परिचयाची नावे त्यांत आहेतच.

सिअर्काची इमारत विद्यापीठाच्या आवारातच आहे, आणि तिचे मुख्य काम एका वाक्यात सांगता येते: शेतकी खात्यातल्या किंवा विद्यापीठातल्या तरुण नोकरदाराला एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायला शेजारच्या देशात पाठवणे. शिक्षण शुल्क, दरमहा राहण्या-खाण्याचा खर्च, पुस्तके, प्रबंधाच्या प्रयोगाचा खर्च, विमा आणि जाण्या-येण्याचे भाडे मिळते. लॉस बान्योसलाच आले पाहिजे असे नाही. १९८९ मध्ये पाच विद्यापीठांनी करार केला: लॉस बान्योस, इंडोनेशियातील बोगोर आणि गाजा मादा, मलेशियातील पुत्रा, थायलंडातील कासेतसार्त. एका ठिकाणचा विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी शिकू शकतो. इरीची तऱ्हा वेगळी. तेथे पदवी मिळत नाही. विद्यार्थी नाव घालतो विद्यापीठात, पदवी घेतो विद्यापीठाची, पण प्रबंधाचा प्रयोग करतो इरीच्या बांध्यांत. हजारो माणसे या वाटेने गेली, त्यांत भारतातलेही कित्येक.

वाचक विचारतील, गरीब देशातल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या गरीब देशात कशाला पाठवायचे? पाठवायचे तर अमेरिकेला पाठवावे. हाच प्रश्न माझ्या भाच्याने मोटारीत विचारला होता. उत्तर बांधावर उभे राहिल्यावर कळते. इरीचे प्रक्षेत्र दोनशे हेक्टरच्या आसपास आहे. फेब्रुवारीत उन्हाळी धान पोटरीला आलेले होते. वरून आपल्यासारखेच ऊन, खाली आपल्यासारखाच चिखल. करपा तोच, खोडकिडा तोच, तुडतुडे तेच. शेतकऱ्याच्या जमिनीचा तुकडाही आपल्यासारखाच लहान. बर्फ पडणाऱ्या मुलखात, शेकडो एकरांच्या मक्यावर यंत्राने पेरणी पाहून आलेला तरुण कंबोडियाच्या खेड्यात परततो तेव्हा त्याच्या वहीतले अर्धे ज्ञान तेथे लागू पडत नाही. येथून परतलेल्याचे पुष्कळसे लागू पडते. शिवाय खर्च पुष्कळ कमी, आणि प्रबंधाचा विषय आपल्या देशातला घेता येतो. बरेच विद्यार्थी अभ्यासक्रम येथे करून प्रयोग स्वतःच्या मुलखात घालतात.

इरीच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. १९६४ पासून येथे वेगवेगळ्या देशांच्या शेतकी अधिकाऱ्यांसाठी सहा-सहा महिन्यांचे धान उत्पादनाचे वर्ग सुरू झाले. लवकरच ध्यानात आले की शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्या पुष्कळ अधिकाऱ्यांनी स्वतः कधी धान पिकवलेले नाही, रोग दाखवला तर ओळखत नाहीत. तेव्हा नियमच केला. नांगरणीपासून मळणीपर्यंत प्रत्येकाने आपली बांधी आपल्या हातांनी पिकवायची. चिखल करायचा, पऱ्हे टाकायचे, रोवणी करायची, निंदायचे, सारे. साहेबांनी विजारी गुडघ्यापर्यंत वर केल्या.

आपल्याकडची रीत आपल्याला ठाऊक आहे. प्रयोगाच्या बांधीत कंबरेत वाकून रोवणी करणाऱ्या बाया कोणत्या वस्तीतल्या, आणि बांधावर छत्री धरून नोंदवही लिहिणारा कोणत्या आळीतला, हे विचारावे लागत नसे. माझ्या वडिलांनी पंचवीस वर्षे लोंब्या निवडल्या, त्यांचे नाव कुठल्या अहवालात नाही. म्हणून शेतकी शिष्यवृत्तीची गोष्ट मला इतर शिष्यवृत्त्यांपेक्षा निराळी वाटते. डॉक्टरकी किंवा संगणकाचे शिक्षण आपल्या मुलाला घरापासून दूरच्या धंद्यात नेते. हे शिक्षण त्याला घरच्याच धंद्यात नेते, पण बांधाच्या दुसऱ्या बाजूने.

आता आयआर ८ चे. त्याचा एक जनक इंडोनेशियातला उंच 'पेटा', दुसरा तैवानचा ठेंगणा 'डी-जिओ-वू-जेन'. जुने उंच वाण खत घातले की माजत आणि लोळत. ठेंगण्याचा गुण आणून १९६२ मध्ये संकर केले, त्यांतला आठवा संकर आयआर ८ होऊन १९६६ च्या नोव्हेंबरात शेतकऱ्यांपर्यंत गेला. आपल्याकडचा 'रत्ना' हा वाण याच आयआर ८ चा, तामिळनाडूच्या 'टीकेएम ६' शी संकर करून काढलेला. कोकणात आणि आपल्याकडे रत्ना न लावलेला धानकरी जुन्या पिढीत क्वचितच सापडेल. उत्पादन वाढले ही गोष्ट खरी. आयआर ८ चा दाणा खायला बरा नव्हता आणि रोग-किडीला तो लवकर बळी पडे, हेही खरे. पुढची सारी वर्षे त्या उणिवा भरण्यात गेली. पंजाबात वाढलेले डॉ. गुरुदेव खुश यांनी येथे पस्तीस वर्षे तेच काम केले. १९७६ साली आलेला त्यांचा आयआर ३६ गवतासारख्या खुरट्या रोगाला टिकला, कारण त्यात उत्तर प्रदेशातल्या एका जंगली धानाचे रक्त आहे. हजारो नमुने तपासल्यावर तो गुण त्या एका रानटी गवतात सापडला होता.

याच आयआर ३६ मुळे व्हिएतनामच्या वो तोंग झुआन यांची गोष्ट सांगावीशी वाटते. १९४० मध्ये मेकाँगच्या खोऱ्यात साध्या घरात जन्मलेला हा मुलगा शिष्यवृत्तीवर लॉस बान्योसला आला, येथे शिकला, इरीत काम केले. देशात युद्ध पेटलेले असताना १९७१ मध्ये कान थो विद्यापीठात शिकवायला परत गेला. बाहेर राहणे सहज शक्य होते. १९७५ मध्ये युद्ध संपले, राज्य बदलले, पुष्कळ शिकलेली माणसे देश सोडून गेली. हे राहिले. दोनच वर्षांत मेकाँगच्या धानावर तपकिरी तुडतुडे तुटून पडले, उभी शेते जळाल्यासारखी झाली. झुआन यांनी लॉस बान्योसमधल्या जुन्या मंडळींना लिहिले. टपालाने प्रतिकारक वाणांच्या बियाणाच्या पुड्या आल्या, काही ग्रॅमच्या. त्यांत आयआर ३६ टिकाऊ निघाला. आता मूठभर बियाणे लाखो एकरांना पुरवायचे कसे?

त्यांनी चुडात एकच रोप लावून बियाणे वाढवले. मग विद्यापीठाच्या वरिष्ठांना गळ घालून वर्ग दोन महिने बंद करवले. विद्यार्थ्यांना तीन गोष्टी शिकवल्या: पऱ्हे कसे टाकायचे, चिखलणी कशी करायची, एकेक रोप कसे लावायचे. प्रत्येकाच्या हाती एक किलो बियाणे देऊन त्यांना खेड्यापाड्यांत पाठवले. दोन-तीन हंगामांत वाण खोरेभर पसरला. १९९३ मध्ये झुआन यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. एका विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचा हिशेब कोणी मांडत असेल तर त्याने हे दोन महिने त्यात धरावेत.

इरीची बीजपेढी पाहायला मिळेल अशी आशा नव्हती, पण संग्रहालयाच्या बाजूने थोडे दाखवतात. एक लाख तीस हजारांहून जास्त धानाचे नमुने येथे आहेत. दीर्घ काळाचा साठा उणे २० अंशांवर, ॲल्युमिनियमच्या हवाबंद डब्यांत. एक जोड नॉर्वेच्या स्वालबार्डला आणि एक अमेरिकेत ठेवलेली आहे, कारण या देशात वादळे आणि भूकंप रोजचेच. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आपल्या बाया-बापड्यांनी मडक्यात राख घालून जपलेले वाण तेथे क्रमांक होऊन बसले आहेत.

कंबोडियाचे येथे नाव घेतलेच पाहिजे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, यादवी चालू असतानाच, तेथले काही शे गावठी वाण गोळा करून येथे आणले गेले होते. १९७५ ते १९७९ या चार वर्षांत पोल पॉटच्या राजवटीने माणसे मारली, विहार ओस पाडले, शिकलेल्यांना वेचून संपवले. भुकेने लोकांनी बियाणेही खाल्ले. कित्येक वाण गावांतून नाहीसे झाले. १९८० च्या दशकात ते लॉस बान्योसच्या पेढीतून परत गेले. बियाणे परत गेले, पण पेरायचे कसे हे शास्त्र जाणणारी माणसे उरली नव्हती. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या पैशाने १९८७ पासून जो प्रकल्प चालला त्यात वाणांइतकेच महत्त्व माणसे घडवण्याला दिले. तरुण-तरुणींना प्रशिक्षणाला आणि पदव्यांना पाठवले. १९९९ मध्ये कंबोडियाची स्वतःची कृषी संशोधन संस्था उभी राहिली.

विद्यापीठाच्या उपाहारगृहात तिकडचीच एक मुलगी भेटली, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. भाच्याने मी भारतातला आणि बौद्ध असल्याचे सांगताच तिने हात जोडले. माझे इंग्रजी मोडके, तिचेही तसेच, त्यामुळे छान जमले. घरी दीड हेक्टर पावसावरचे धान. आजोबा-आजींविषयी विचारले तर एवढेच म्हणाली, ते त्या वर्षांत गेले. तिचा विषय होता पाण्याखाली बुडलेली रोपे किती दिवस तग धरतात. मी म्हटले, आमच्या ओडिशातल्या शेतकऱ्यांच्या एका जुन्या वाणातच तो गुण सापडला. ती लगेच म्हणाली, 'एफआर १३ ए'. तो गुण 'स्वर्णा' या आपल्या लोकप्रिय वाणात घालून 'स्वर्णा सब-१' तयार झाला, भारतात तो २००९ मध्ये प्रसारित झाला आणि पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे राहूनही पुन्हा उभा राहतो. तिला हे सगळे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. तरी माझ्याकडे बोलायला चाळीस वर्षांचे पऱ्हे होते, तेव्हा तासभर निघाला.

परत जाणार का, हे मी विचारलेच. तिने बाँड भरून दिला आहे. शिकायच्या काळाइतकी, किंवा त्याहून जास्त वर्षे मूळ खात्यात नोकरी करायची. बाबासाहेबांनीही १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेताना दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता, आणि त्या नोकरीत बडोद्यात त्यांच्या वाट्याला काय आले हे आपल्या घराघरांत माहीत आहे. बाँड परत आणू शकतो. परत आलेल्याला खुर्ची, प्रयोगशाळा आणि मान मिळेल की नाही हे बाँडात लिहिलेले नसते. त्या मुलीची काळजीही तीच होती: परत गेल्यावर प्रयोगाला पैसे मिळतील का? त्याच आठवड्यांत अमेरिकेने परदेशांना मदत देणारा आपला सरकारी विभाग मोडीत काढायला घेतला होता. विद्यार्थ्यांच्या टेबलांवर त्याचीच चर्चा होती. २०२५ च्या जुलैत तो विभाग अधिकृतपणे बंद झाला. श्रीमंतांच्या मदतीवर उभे केलेले प्रशिक्षण असे एका सहीने डळमळते, हे लक्षात ठेवावे.

सगळे गोड आहे असे नाही. याच गावात 'मासिपाग' नावाच्या संघटनेचे कार्यालय आहे. १९८० च्या दशकात शेतकरी आणि काही शास्त्रज्ञांनी ती काढली, इरीच्या वाणांवर टीका करत. खत-औषधांचा खर्च वाढला, कर्ज वाढले, गावठी वाण गेले आणि बियाणे शेतकऱ्याच्या हातून संस्थेच्या हाती गेले, असे त्यांचे म्हणणे. ते स्वतः वाण जपतात, स्वतः निवड करतात. मला दोन्ही बाजूंचे काही काही पटले. विद्यापीठातल्याच समाजशास्त्रज्ञ जेलिया कास्तियो यांनी १९७५ मध्ये 'ऑल इन अ ग्रेन ऑफ राइस' हे पुस्तक लिहून, नव्या धानाने कोणाच्या घरात काय बदलले, ते आकडेवारीने तपासले होते. ते पुस्तक सिअर्कानेच छापले. घरच्यांनीच घरचा हिशेब तपासावा, हे मला संस्थेचे मोठे लक्षण वाटते.

आणि एक बोच. थायलंड, व्हिएतनामचे लोक लॉस बान्योसला येऊन धान शिकले, आणि आज फिलिपाइन्स त्यांच्याकडूनच तांदूळ विकत घेतो. अलीकडच्या वर्षांत तो जगातल्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. हे येथे रिक्षावालाही हसत सांगतो. कारणे आहेत: बेटांचा देश, मेकाँगसारखे खोरे नाही, वादळे, आणि जमिनीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. उत्तम शाळा गावात असली म्हणून गावातले पोट भरतेच असे नाही.

आता आपल्या मुलांसाठी यातून काय. सिअर्काची शिष्यवृत्ती भारतीयांना नाही, आपण त्या संघटनेचे सदस्य नाही. शिवाय तिची अट अशी की अर्जदार आधीच विद्यापीठात किंवा सरकारी संशोधन संस्थेत कायम नोकरीत हवा, वय साधारण ३५ च्या आत, इंग्रजी चांगले. म्हणजे बी.एस्सी. होऊन नोकरीला लागेपर्यंतची चाळण ज्याने पार केली त्यालाच ती भेटते. भूमिहीन मजुराचे पोर गळते ते बारावीच्या विज्ञानात. वरची शिडी कितीही चांगली असली तरी खालच्या दोन पायऱ्या आपल्यालाच बांधाव्या लागतील. वस्तीतल्या अभ्यासिकेत गणित आणि इंग्रजी शिकवणारा कोणी असला तर लॉस बान्योसच्या निम्म्या वाटेचे काम होते.

आपल्या देशातली वाट अशी. बी.एस्सी. कृषीनंतर भारतीय कृषी संशोधन परिषदेची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी. तिच्या गुणवत्तेवर देशातल्या दुसऱ्या राज्याच्या कृषी विद्यापीठात प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही मिळू शकतात. आपल्या देशात आफ्रिकेतले आणि अफगाणिस्तानातले विद्यार्थी कृषीची पदव्युत्तर पदवी घेऊन गेले आहेत, त्यांना भारत सरकारने शिष्यवृत्ती दिली. म्हणजे जे काम लॉस बान्योस करते ते थोडेफार आपणही करतो. इरीचे दक्षिण आशिया केंद्र २०१८ पासून बनारसला आहे, तेथे प्रशिक्षणे चालतात. कृषी शिकणाऱ्या मुलामुलींनी त्यावर डोळा ठेवावा.

परदेशी जायचे असेल तर केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, १९५४-५५ पासूनची. अनुसूचित जातींच्या मुलांची म्हणून ती सर्वांना माहीत आहे, पण तिच्या यादीत विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांचीही नावे आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०२१-२२ पासून वर्षाला १२५ जागा झाल्या. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ विमुक्त-भटक्यांना आणि भूमिहीन मजूर व कारागीर मिळून ४. साऱ्या देशात चार! कृषीतली एम.एस्सी. आणि पीएच.डी. दोन्ही तिच्यात बसतात. आदल्या परीक्षेत ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत, घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत. मात्र विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत पहिल्या पाचशेत हवे, आणि प्रवेशाचे पत्र हातात हवे. आपली पोरे बहुतेक विलायतेकडे वळतात. अटी दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना समाजकल्याण कार्यालयात किंवा शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावी. प्रवेशाचे पत्र मिळवायला आठ-दहा महिने लागतात. तेव्हा शेवटच्या वर्षाची परीक्षा होण्याची वाट न पाहता त्याआधीच पत्रव्यवहार सुरू करावा. ज्या प्राध्यापकाकडे काम करायचे त्याला लिहिताना आपल्या भागातल्या पिकाची एखादी नेमकी अडचण मांडावी. आपल्या गावच्या धानाला कोणता रोग कधी लागतो, कोणत्या बांधीत पाणी साचते, हे घरच्या मायबापाला विचारले तरी चालते.

निघताना सूर्य माकिलिंगच्या मागे गेला होता. प्रक्षेत्राच्या एका कोपऱ्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू असलेला प्रयोग आहे. त्याच मातीत वर्षाला तीन पिके, पिढ्यान्‌पिढ्या. त्या बांधीत चार बाया आणि टोपी घातलेला एक विद्यार्थी ओळीने निंदत होते. विद्यार्थी मागे पडला होता, बाया त्याला हसत होत्या.